तळ्यातले पारा, कॅडमियम, शिसं हे विषारी धातू तपासायचे, तर शिंपले घ्यावेत की मासे?

एका अभ्यासगटापुढे हा पेच आहे: पैसे एकाच प्रकारच्या नमुन्यांपुरते आहेत.

आधी जागेचं बघू. शिंपला जवळपास एका जागी राहून पाणी गाळत असतो, त्यामुळे त्याच्या अंगातलं कॅडमियम त्याच भागातलं. मासा फिरतो. त्यानं ते कुठून आणलं हे ठरवणं कठीण.

खरा फरक मूलद्रव्यात आहे. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा (सजीवांच्या अंगात साठत जाणारं पाऱ्याचं विषारी रूप) करतात. तो शेवाळात शिरतो, तिथून सूक्ष्म प्राण्यांत, लहान माशांत आणि शेवटी शिकारी माशांत, आणि प्रत्येक पायरीवर वाढत जातो. मोठ्या शिकारी माशाच्या मांसातला बहुतेक पारा याच रूपात असतो. शिंपला या अन्नसाखळीत खाली असल्यानं ही वाढ दाखवू शकत नाही. शिसं सहसा असं वर चढत नाही. माशात ते मांसापेक्षा हाडं, कल्ले, मूत्रपिंडात सापडतं. म्हणून शिशासाठी नुसतं मांस तपासणं मला चुकीचंच वाटतं.

मेहनत? शिंपले गोळा करणं सोपं, पण पोटातला गाळ जाईपर्यंत ते स्वच्छ पाण्यात ठेवावे लागतात. माशांची लांबी आणि वय नोंदवावंच लागतं. मोठ्या, म्हाताऱ्या माशात पारा जास्तच असणार.

सांडपाण्याचा नाला नेमका कुठे धातू सोडतो हे शोधायचं असेल, तर शिंपले. लोक ते मासे खात असतील आणि काळजी पाऱ्याची असेल, तर शिकारी मासेच.