वासाच्या सरावाचा चार बाटल्यांचा संच: घ्यावा का?

वास गेलेल्यांनी तो परत यावा म्हणून रोज हुंगायच्या या बाटल्यांना पाचापैकी तीन तारे देतोय. त्यातले दोन एकट्या गुलाबाच्या बाटलीचे.

ठाण्यात आमचं आंब्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माल वाशी मार्केटातून येतो, थोडा देवगडच्या ओळखीच्या बागायतदाराकडून थेट. या धंद्यात नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. कर्नाटकचा हापूस पेटीत नीट रचला की देवगडच्या नावाने सहज खपतो. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटीवर नाव छापायला कुणाच्या बापाचं काय जातं? कार्बाइडवर बंदी आहे, पण त्याने पिकवलेल्या फळालाही झकास पिवळा रंग चढतो. देठापाशी नाक नेलं की मगच खरं-खोटं कळतं.

आणि गेल्या थंडीत माझं नाकच गेलं. व्हायरल ताप आला तसा उतरला, पण वास परत आला नाही. कोविडची चाचणी निगेटिव्ह होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आत कोंब वगैरे नाही ना, ते पाहिलं. म्हणाले, साध्या सर्दी-फ्लूच्या विषाणूंनीही हे पूर्वीपासून होत आलंय, कोविडमुळे फक्त सगळ्यांना ठाऊक झालं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यात लागते तशी चव) एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा वास असतो. माझ्यापुरता आमरस म्हणजे गोड लगदा उरला होता. मिरची तेवढी झोंबायची, कारण झोंबणं वेगळ्या नसेकडे असतं. ही नस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डॉक्टर ‘वासाचा सराव करा’ म्हणाले आणि मुलीने ऑनलाइन हा संच मागवला. अकराशेच्या वर गेला. खोक्यात तपकिरी काचेच्या चार बाटल्या: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. आत तेल शोषलेला कागद असतो, त्यामुळे सांडत नाही, हे चांगलं केलंय. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली वीसेक सेकंद हलकेच हुंगायची, मध्ये थोडं थांबायचं, आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा. हे चार वास कंपनीच्या डोक्यातून आलेले नाहीत. जर्मनीत ड्रेस्डेनचे वासाचे संशोधक थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये याच चार वासांचा प्रयोग प्रसिद्ध केला, बारा आठवड्यांचा. सराव करणाऱ्यांचा गट न करणाऱ्यांपेक्षा पुढे गेला, पण सगळ्यांनाच फरक पडला असं नाही. आणि या संचवाल्या कंपनीने खोक्यावर छापलंय ‘15 दिवसांत हमखास गुण’. एक तारा तिथेच कापला.

आता बाटल्यांचं. निलगिरी पहिल्याच दिवशी ‘आली’. घरात सगळे खूश. मुलगी फार्मसीला आहे, तिने लगेच पाणी ओतलं: बाबा, तुम्हाला वास नाही, गारवा कळतोय. निलगिरीचा थंडपणा आणि लवंगेचा चटका त्या मिरचीवाल्या नसेलाही कळतो. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही या दोन बाटल्या काहीतरी सांगतात, आणि माणूस समजतो की सुधारतोय. गुलाब तसं करत नाही. वास आला तर आला, नाहीतर कोरं पाणी. माझी गुलाबाची बाटली कितीतरी आठवडे कोरीच होती आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला. माहितीपत्रकात यावर अक्षर नाही. पत्रकही फक्त इंग्रजीत, मुंगीएवढ्या टायपात.

मधल्या काळात एक विचित्र प्रकार झाला. फोडणीतला कांदा जळक्या रबरासारखा यायला लागला, कॉफी तर कुजकी. सौ. बिचारी महिनाभर कांद्याशिवाय स्वयंपाक करत होती. डॉक्टरांना त्यात वाईट काही वाटलं नाही. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने वाढत असतात, नवी जोडणी होताना असे उलटसुलट वास येतात, म्हणाले. बरेच जण याच टप्प्यावर घाबरून सराव सोडतात म्हणे. पत्रकात हेही लिहायला हवं होतं.

लिंबाची बाटली मात्र फसवी निघाली. दोन महिन्यांत तिला टर्पेंटाइनचा वास यायला लागला. वास मलाच उलटा येतोय की काय म्हणून भावाला हुंगायला दिली, त्यानेही तोंड वाकडं केलं. लिंबाचं तेल हवेने लवकर बिघडतं. विक्रेत्याला विचारलं तर सुटी बाटली देत नाही, पूर्ण संच घ्या. दुसरा तारा इथे गेला. मग मी रोज ताजी लिंबाची साल किसून छोट्या बरणीत ठेवायला लागलो, फुकटात काम झालं.

त्यांचा ‘दुसऱ्या टप्प्याचा’ संचही आहे, तेवढ्याच किमतीला. बारा आठवड्यांनी वास बदलले तर जास्त फायदा होतो हे 2015 च्या एका अभ्यासात आलंय, त्यामुळे कल्पना खोटी नाही. त्या अभ्यासात मेंथॉल, थाइम, संत्र्यासारखं फळ आणि जाई-जुईच्या जातीचं फूल होतं. मुलगी म्हणाली, थाइममध्ये जे थायमॉल असतं तेच आपल्या ओव्यात असतं. झालं! पुदिना, चुरडलेला ओवा, संत्र्याची साल, मोगरा. पन्नास रुपयांत दुसरा टप्पा.

गुण आला का? अर्धा. मे महिन्याच्या मध्यावर गुलाब पुसटसा आला, आणि पाठोपाठ आढीतला घमघमाटही. आता पिकलेला हापूस डोळे मिटून ओळखतो. देवगड की रत्नागिरी, हे मात्र अजून भावालाच विचारतो. हे बाटल्यांमुळे झालं की आपोआप, छातीठोक सांगणार नाही. पुष्कळांचा वास काही न करताही परततो.

ज्यांच्या अंगात शिस्त नाही त्यांनी संच घ्यावा. पैसे गेलेत म्हणून तरी माणूस रोज हुंगतो. बाकीच्यांनी लवंग स्वयंपाकघरातून घ्यावी, निलगिरी तेल मेडिकलमधून, लिंबू बाजारातून, आणि खर्च फक्त गुलाबाच्या चांगल्या अत्तरावर करावा. डोक्याला मार लागून किंवा एकाच नाकपुडीचा वास गेला असेल तर आधी डॉक्टर गाठा. आणि उरलेल्या पैशांत गॅस गळतीचा अलार्म बसवा. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि आपल्याला तोही येत नसतो.