क्लेम भरायचा की ऑप्ट-आउट?

अमेरिकेत इलिनॉयमधल्या मित्राला सामूहिक दाव्यातल्या सेटलमेंटची (तडजोडीची) ईमेल आलीये, एका कंपनीने चेहऱ्याचा डेटा न विचारता घेतला म्हणून, आणि त्याचं काही ठरेना. पैसे बघायचे तर क्लेममध्ये वाट्याला येईल ते, याआधी फेसबुकच्या ६५ कोटी डॉलरच्या सेटलमेंटमधून माणशी साधारण ३९७ आले, गूगल फोटोजच्या १० कोटीतून ९५ च्या आसपास. ऑप्ट-आउट करून, म्हणजे सेटलमेंटमधून बाहेर पडून, स्वतः केस टाकली तर इलिनॉयच्या २००८ च्या बायोमेट्रिक (चेहरा, बोटांचे ठसे वगैरे) डेटाच्या कायद्यात १,००० डॉलर, मुद्दाम केलं असेल तर ५,०००, पण जिंकलात तर हां! फॉर्म पाच मिनिटांत होतो, केसला वकील शोधा, पुरावे जमवा, वर्षं जातात. काहीच न करणं सगळ्यात वाईट, पैसेही नाहीत न् केस टाकायचा हक्कही जातो. फोटो टॅगिंगपुरतं असेल तर क्लेम भरून मोकळं व्हा, कामाच्या जागी रोज चेहरा स्कॅन होत असेल आणि वकील केस घ्यायला तयार असेल तरच ऑप्ट-आउट, तेही तारीख उलटायच्या आत.