खांद्यापर्यंतचे टँक-हातमोजे: आठ महिने वापरल्यावर

माझा माशांचा टँक दोन फुटी, साधारण 70 लिटरचा. त्यात गप्पी, निऑन टेट्रा आणि चार कॉरी. हे हातमोजे घेतले ते नोव्हेंबरात, एका वाईट दिवसानंतर.

ऑफिसला निघताना हातांना सनस्क्रीन लावून झालं होतं आणि तेवढ्यात एक रोप उपटून वर तरंगताना दिसलं. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून कोपरापर्यंत हात घातला. संध्याकाळी येऊन बघते तर पाण्यावर तवंग आणि सगळे गप्पी वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. एअर पंप मोठा केला, पेला तिरका धरून तवंग काढला, तिसरा हिस्सा पाणी बदललं, फिल्टरमध्ये कार्बन (घाण शोषणारा कोळसा) घातला. तरी तीन निऑन गेले. त्या दिवशी टँकमध्ये दुसरं काहीच बदललं नव्हतं.

तेलकट थर साचला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट उतरत नाही. हात साबणाने धुवावेत, तर साबणाचा अंश माशांच्या कल्ल्यांना आणि अंगावरच्या बुळबुळीत थराला आणखी वाईट. माझी त्वचा कोरडी आहे, हिवाळ्यात क्रीमशिवाय हात फुटतात. म्हणजे माझे हात कोरे असे नसतातच. म्हणून हातमोजे.

आल्या आल्या रबराचा उग्र वास होता. दोन दिवस बादलीत बुडवून ठेवले, पाणी चार वेळा बदललं, वास गेल्यावरच वापरले. लांबी खांद्यापर्यंत असल्यामुळे तळाची रेती साफ करतानाही पाणी आत शिरत नाही. मनगटापर्यंतचे घेऊ नका, पहिल्याच वेळी भरतात आणि आतलं क्रीममिश्रित पाणी टँकमध्ये सांडतं.

त्रास आहेतच. बोटांना काही जाणवत नाही. क्रिप्टो या पाणवनस्पतीच्या बारीक मुळ्या मी दोनदा तोडल्या, आता रोपं लावायला लांब चिमटा वापरते. आत घाम येतो. घालायला सोपं जावं म्हणून आतून टाल्कम पावडर लावायचा मोह होतो, पण तीच पावडर पुढे पाण्यात जाणार, तेव्हा नकोच. मी आत पातळ सुती मोजे घालते. पावसाळ्यात हातमोजे उलटे करून पंख्याखाली वाळवले नाहीत तर बुरशीचा वास धरतात.

जूनमध्ये डाव्या अंगठ्याला बारीक भोक पडलं, बहुतेक धारदार दगडाला घासून. आता दर वेळी घालण्याआधी पाण्याने भरून दाबून बघते. थेंब दिसला की तो मोजा फरशी पुसायला.

मात्र खाणं घालताना हातमोजे कोण घालतं? हे लक्षात यायला मला तीन महिने लागले. सासूबाई केसांना खोबरेल लावून झालं की त्याच चिमटीने फ्लेक्स टाकायच्या आणि पाण्यावर तेलाचे बारीक ठिपके दिसायचे. म्हटलं, "आई, डब्यात चमचा ठेवलाय, त्यानेच घाला हं." त्यांनी लगेच ऐकलं, आणि आता पाहुण्यांच्या मुलांनाही तोच चमचा हातात देतात. डासांचं मलम लावून आलेल्या मुलांना तर टँकजवळच येऊ देत नाहीत.

नोव्हेंबरनंतर तसा तवंग आलेला नाही. दुसरी जोडी मागवली आहे, या वेळी एक माप मोठी, म्हणजे आतल्या सुती मोज्यांसकट बोटं वळतील.