रेंटलच्या खोलीचं भाडं माफ करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

ठाण्यात रेंटलच्या इमारतीत राहणाऱ्या आणि भाडं थकलेल्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे. "थकबाकी अर्धी माफ करून देतो, वर सरकारी मदतीचा फॉर्मही भरून देतो" असं सांगत एक माणूस आमच्या इमारतीत फिरला आणि एकट्या आमच्या मजल्यावरच्या पाच घरांना बुडवून गेला. आमच्या घरातून २०,८०० रुपये गेले. त्यातले ९,८०० माझ्या सासूबाईंच्या श्रावणबाळ पेन्शनचे होते. तोच माणूस किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणी उद्या तुमच्या मजल्यावर येईल, म्हणून त्याने काय काय केलं ते सगळं सांगते.

ज्यांना रेंटल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ च्या सुमारास गरिबांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली. खोली १६० चौरस फुटांची. पुढे ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कम्पाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, आणि ठाण्यातल्या पडायला आलेल्या इमारतींमधल्या लोकांना हलवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. अशा बऱ्याच कुटुंबांना मग महापालिकेकडून याच रेंटलच्या खोल्या मिळाल्या. आमचं घर कोपरीत होतं. इमारत सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक यादीत गेली, महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस लागली आणि पावसाच्या तोंडावर आम्ही सामान हलवलं ते वर्तकनगरच्या बाजूला. भाडं महिन्याला २,००० रुपये.

दोन हजार म्हणजे काही फार नाही, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. माझे मिस्टर शाळेची बस चालवतात. लॉकडाऊनमध्ये शाळाच बंद, त्यामुळे पगारही बंद. नंतर गाडी रुळावर आली, पण मागचं भरायचं की चालू महिन्याचं, या ओढाताणीत थकबाकी ३८,००० पर्यंत गेली. ती काही एकट्या आमची नव्हती, आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त दारांमागे हीच कथा आहे. कोपरीची इमारत पुन्हा कधी उभी राहणार याचा पत्ता नाही, आणि इथलं भाडं थकलं तर हीही खोली जाईल, ही धास्ती कायम डोक्यावर. त्या माणसाने नेमका याच धास्तीचा धंदा केला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता खाली लिफ्टजवळ थकबाकीदारांची यादी लागली. खोली क्रमांक, नाव, रक्कम. भरा, नाहीतर खोली रिकामी करण्याची कारवाई होईल, असं खाली लिहिलेलं. लहान-मोठी सगळी माणसं ती वाचत होती. माझ्या मुलीने वर येऊन विचारलं, "आपलं नाव कशाला लावलंय?" त्याच आठवड्यातल्या रविवारी तो आला.

इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, हातात प्लास्टिकची फाइल. दार उघडल्या उघडल्या त्याने आमचा खोली क्रमांक, मिस्टरांचं पूर्ण नाव आणि "अडतीस हजार" हा आकडा सांगितला. समोरचा माणूस ऑफिसचाच आहे, हे आमच्या मनात तिथेच पक्कं झालं. पुढे पोलीस ठाण्यात बसले असताना लक्षात आलं, की त्याने सांगितलेली एकूण एक गोष्ट खालच्या भिंतीवर लावलेली होती. यादीचा मोबाइलवर फोटो काढून तो थेट जिन्याने वर आला होता. एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवा. तुमची थकबाकी कुणाला माहीत असली म्हणजे तो कार्यालयाचा माणूस ठरत नाही.

बोलणं अगदी गोड. मला ताई, सासूबाईंना मावशी. म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्यांसाठी भाडे मदत योजना आलीय. अर्धी थकबाकी सरकार भरणार, अर्धी तुम्ही दोन हप्त्यांत भरायची. पण यादी या महिन्यात बंद होतेय." फॉर्मचे दीड हजार. मिस्टरांनी विचारलं, ऑफिसात येऊन भरू का? त्यावर तो म्हणाला, "या ना, पण तिथे पूर्ण रक्कम मागतील. योजनेचा टेबल वेगळा आहे, साहेब फक्त माझ्याकडून आलेले फॉर्म घेतात." ऑफिसात भाडं भरायच्या खिडकीवर जाऊच नका, हे त्याने किती साळसूदपणे सांगितलं बघा! पुढे शेजारच्या काकूंकडून कळलं, त्यांनाही शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं.

दीड हजार क्यूआर कोडवर घेतले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. तो लगेच म्हणाला, "आमचं सेवा केंद्र तिथेच चालतं." पहिल्या हप्त्याचे ९,५०० मात्र त्याने रोख मागितले, आणि मिस्टरांनी भिशीतून उचलून दिले. पावती मिळाली. पिवळट कागद, खाली कार्बन, "माहे" च्या पुढे महिन्यांची नावं, कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का आणि त्यावर तिरकी सही. शिक्क्यावरचं कार्यालयाचं नाव अर्धवट उमटलेलं, शाई कमी पडल्यासारखं. ती पावती मी नंतर खिडकीकडे धरून कितीदा तरी पाहिली. खोली क्रमांक होता, नाव होतं, रक्कम अक्षरी होती. इमारतीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तीच पावती ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीत फाडता आली असती.

सगळ्यात वाईट गोष्ट त्याने नंतर केली. आठवड्याभराने भर दुपारी तो परत आला. मी वागळे इस्टेटला कामावर, मिस्टर गाडीवर, मुलगी शाळेत. घरी फक्त सासूबाई. तो त्यांना म्हणाला, "मावशी, मदत तुमच्या नावावर घेतली तर लवकर मंजूर होते, तुम्ही ज्येष्ठ आहात. फक्त केवायसी करायची." खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढून मोबाइलला लावलं, आधार क्रमांक घातला आणि अंगठा ठेवायला सांगितला. मग म्हणाला, "नीट आला नाही मावशी, बोट पुसून परत लावा." सासूबाईंनी पदराला अंगठा पुसून परत लावला. रेशनच्या दुकानात दर महिन्याला असंच होतं. उतारवयात रेषा झिजतात, मशीन पहिल्या वेळी घेत नाही. त्यात त्यांना वावगं वाटावं असं काय होतं?

त्यानंतर पासबुकात एंट्री मारून आणली तेव्हा कळलं. त्या तारखेला आधारवरून ९,८०० रुपये काढलेले, मागे तीनशेच्या आसपास शिल्लक. बँकेतल्या ताईंनी आम्हाला समजावून सांगितलं. गावात बँक मित्र आधार आणि अंगठा घेऊन पैसे काढून देतात ना, त्याच सोयीने हे पैसे निघाले होते. त्यात ना कार्ड लागतं, ना पिन, ना ओटीपी. पहिल्या अंगठ्याला त्याने शिल्लक पाहिली असणार आणि दुसऱ्याला पैसे काढले, असं त्या म्हणाल्या. नाहीतर ९,८०० हा आकडा त्याला सुचला कसा? सासूबाईंना श्रावणबाळचे महिन्याला १,५०० मिळतात. गुडघ्याच्या औषधासाठी आणि नातीच्या वह्यांसाठी त्यातले थोडे थोडे मागे टाकून त्यांनी ते जमवले होते.

सासूबाईंना कुणी अडाणी म्हणू नये. ज्या बाईने आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवला, तिच्या बोटाची खूण म्हणजे खात्याची किल्ली झाली आहे, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. पेन्शन आधारला जोडून घ्या हे सगळ्यांनी सांगितलं. अंगठा कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे कुणीच सांगितलं नाही. याचा मला खरोखर राग आहे.

भांडं फुटलं ते पावतीवरून. शेजारच्या काकू त्यांची पावती मला वाचायला घेऊन आल्या, मी आमची शेजारी ठेवली, तर दोन्हींचा क्रमांक एकच, ११७. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून आम्ही दोघी भाड्याचा भरणा होतो त्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाबूंनी खोली क्रमांक घालून कॉम्प्युटर पाहिला. आमच्या नावावर एक रुपया जमा नव्हता. भाडे मदत योजना नावाचं काही त्यांनी ऐकलेलं नव्हतं आणि त्या नावाचा माणूसही तिथे नव्हता.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली, बँकेत लेखी अर्ज दिला, पोलीस ठाण्यात पाचही घरांनी मिळून तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि सरकारी नोकर असल्याची बतावणी करण्यासाठी कलम २०४. तक्रारीत दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा, नाहीतर "पैशांच्या देवाणघेवाणीचा वाद" म्हणून कागद बाजूला पडतो. आमच्याकडे सगळ्यात कामाचा पुरावा ठरला तो क्यूआरवर गेलेल्या दीड हजारांचा, कारण ते कुणाच्या खात्यात गेले हे बँकेतून काढता येतं. रोख दिलेल्या ९,५०० चा माग काढणं फार अवघड आहे. हे लिहीपर्यंत एकही पैसा परत आलेला नाही.

खात्यातून न सांगता पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवणं फार महत्त्वाचं असतं. उशीर झाला की आपली बाजू लंगडी पडते. सासूबाईंचा मोबाइल नंबर खात्याला जोडलेला नव्हता, म्हणून मेसेजच आला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनच्या खात्याला कुणाचा तरी चालू नंबर आजच जोडून घ्या. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. ते आधारच्या अधिकृत अॅपवरून होतं, जमत नसेल तर आधारच्या १९४७ या नंबरवर विचारा. लॉक केलं की अंगठ्याने पैसे निघत नाहीत. मात्र रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, म्हणून रेशन आणायच्या वेळी ते थोड्या वेळासाठी उघडावं लागतं. आम्ही आता तसंच करतो. त्रास होतो, पण पेन्शन राहते.

आता थकबाकीबद्दल. मला जे खिडकीवर समजलं ते सांगते. कार्यालयाच्या वहीत तुमच्या खोलीपुढे जो आकडा आहे, तो कुणी मधला माणूस कमी करू शकत नाही. हप्ते पाहिजेत तर साध्या कागदावर अर्ज लिहा. घरात कमावणारे किती, काम कधी गेलं, महिन्याला किती भरू शकता, हे खरं खरं लिहा. अर्ज आवक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. नोटीस आली म्हणजे दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर येत नाही. महापालिकेच्या जागेतून कुणाला काढायचं तर महापालिका अधिनियमाच्या कलम ८१ब प्रमाणे आधी कारण देणारी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे आम्हाला आधी माहीत असतं, तर त्याच्या "या महिन्यात यादी बंद" ला आम्ही एवढे घाबरलो नसतो.

सरकारी मदत खरी आहे, पण तिचा भाड्याच्या खिडकीशी काही संबंध नाही. पासष्टच्या पुढचे निराधार वृद्ध असतील तर श्रावणबाळ, विधवा, परित्यक्ता, अपंग किंवा आजारी माणूस असेल तर संजय गांधी निराधार योजना. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात द्यायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा. पैसे आले तर थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. तुमच्या वतीने भाडं भरणारी योजना आहे असं कुणी दारात येऊन सांगत असेल, तर त्याला म्हणा, चला, आत्ता खिडकीवर जाऊन बोलू. आमच्या इमारतीत त्यानंतर आणखी एक जण आला होता, "खोली कायमची नावावर करून देतो, पन्नास हजार" म्हणत. काकूंनी त्याला हेच सांगितलं. तो लिफ्टचीही वाट न बघता जिन्याने उतरला. रेंटलची खोली भाड्याची आहे, ती अशी पैसे चारून कुणाच्या नावावर होत नाही.

कुणाकडे ११७ क्रमांकाची किंवा जांभळ्या अर्धवट शिक्क्याची, इमारतीचं नाव नसलेली पावती असेल, तर लाजेखातर ती फाडून टाकू नका. बऱ्याच जणांनी घरात भांडणं नकोत म्हणून फाडली, असं पोलीस ठाण्यात ऐकलं. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घाला, भरल्याची तारीख वेगळ्या कागदावर लिहा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात घेऊन जा. एका घराची पावती बाजूला ठेवली जाते, पाच घरांच्या एकाच क्रमांकाच्या पावत्या टेबलावर पडल्या तेव्हा साहेबांनी खुर्ची पुढे ओढून पहिल्यापासून सांगायला सांगितलं.