जुन्या बाजारातलं बेनावी डिझेल: सहा-सात महिने चालवल्यानंतर

पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडी भंगारात मिळालेलं हे एअरोमॉडेलिंगचं, म्हणजे छंदाच्या छोट्या विमानांचं, छोटं डिझेल इंजिन. कुठेही नाव नाही, नंबर नाही. विकणाऱ्याने ‘इंग्लंडचं, ओरिजिनल’ म्हणून भाव चढवला होता. दिसायला थेट मिल्स .७५, म्हणजे मिल्स या इंग्लिश कंपनीचं पाऊण सीसीचं इंजिन, म्हणून मीही घासाघीस करून घेतलं.

हेड काढून व्हर्निअर लावला: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १३ मिमी, म्हणजे ०.७४ सीसी. स्ट्रोक बोअरपेक्षा एवढा लांब आणि हवा पिस्टनच्या खालून साइडपोर्टने, म्हणजे सिलिंडरच्या बाजूच्या भोकातून, आत येणारी, म्हणजे रचना १९४० च्या दशकातली. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या मिल्स ब्रदर्सचं १.३ सीसीचं इंजिन १९४६ चं, .७५ त्यानंतरचं. इथपर्यंत मी खूश होतो. मग हेडच्या एका स्क्रूवर नवा एम३ (३ मिमी मेट्रिक) नट लावून पाहिला आणि तो बोटांनी शेवटपर्यंत सरळ गेला. त्या काळची ब्रिटिश इंजिनं बीए (ब्रिटिश असोसिएशन या जुन्या मापाच्या) आट्यांची. ६ बीए चा स्क्रू २.८ मिमीचा असतो, त्यावर हा नट खडखडला असता. बाकीचे स्क्रूही मेट्रिकच. म्हणजे ही नक्कल. मिल्सच्या नकला आपल्याकडेही बनत होत्या, त्यामुळे आता माझा कौल भारतीय बनावटीलाच आहे.

पण चालतं झकास! ८×४ इंची प्रॉपेलर, इंधन म्हणून ईथर-रॉकेल-एरंडेल समसमान आणि वर दोन टक्के आयसोप्रोपिल नायट्रेट, पेट सुधारायला. इंधन दाबानेच पेटतं, त्यामुळे बॅटरी नको, प्लग नको. एकदा ईथर विकणाऱ्याने उघडी बाटली गळ्यात मारली. त्यातलं ईथर केव्हाच उडून गेलेलं. बोटं सोलवटली तरी इंजिन धरेना. बदलून द्यायलाही तो तयार नव्हता. तेव्हापासून सीलबंदच घेतो, महाग पडलं तरी.

खरा वैताग मात्र वरच्या कॉम्प्रेशन स्क्रूचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचा. इंजिन तापलं की थरथरीने तो आपोआप मागे फिरतो, कॉम्प्रेशन उतरतं, आवाज फटफट करायला लागतो आणि विमान ऐन हवेत दम टाकतं. एवढं सुबक क्रँककेस ओतणाऱ्याने या एका आट्याकडे दुर्लक्ष करावं याचा मला अजूनही राग येतो. लॉक असलेला नवा स्क्रू करून मिळत होता, पण मूळ स्क्रू बदलायचा नव्हता आणि तेवढे पैसेही घालायचे नव्हते. शेवटी नळाची टेफ्लॉन टेप, दोनच वेढे. जास्त गुंडाळली तर स्क्रू फिरवताना हाताला कॉम्प्रेशनचा अंदाज येत नाही. आता टाकी संपेपर्यंत स्क्रू जागचा हलत नाही.

साइडपोर्ट असल्याने सुरू होताना कधीकधी उलटं फिरतं, तेवढं नव्या माणसाने सांभाळावं.

कोणाकडे खरं वोकिंगचं .७५ असेल, तर माउंटिंगच्या भोकांमधलं अंतर मोजून कळवा. माझ्याशी ताडून बघायचं आहे.