स्टेटमेंटमधली एक डॉलरची ओळ

आमच्या घरात क्रेडिट कार्ड एकच, माझ्या नावावर, पण वापरतं सगळं घर. ह्यांच्या गंजगोलाईतल्या दुकानाचा माल, पोराच्या नीटच्या टेस्ट सिरीजची फी, भाऊजींचा मोबाईल ईएमआयवर, नणंदेच्या पोरीचा परीक्षेचा फॉर्म, सगळं त्याच्यावरच. लातुरात बऱ्याच घरी असंच असतंय म्हणून हे लिहायलेय, कारण आम्हाला लुटणारे ह्याच्यावरच जगतात की अनोळखी चार्ज दिसला तरी घरातला प्रत्येकजण म्हणतो, दुसऱ्या कुणीतरी वापरलं असंल.

दिवाळीनंतरच्या स्टेटमेंटमध्ये एक ओळ दिसली. अक्षरं आणि आकडे चिकटवून केलेलं कसलंतरी नाव, पुढं परदेशातलं गाव, १ डॉलर, म्हणजे नव्वदच्या आत रुपये. त्याच्याखाली फॉरेन करन्सी मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ती फी, तीन रुपये, आणि त्याच्याखाली त्या तीन रुपयांवर जीएसटी, पन्नास-एक पैसे. आता नाव ओळखीचं नाही म्हणजे फ्रॉडच असं नसतंय, दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि बिलावर कंपनीचं दुसरंच नाव हे नेहमीचंय, म्हणून आधी घरात विचारलं. पोरगं म्हणलं काकाच्या मोबाईलचं काहीतरी असंल. भाऊजी म्हणले, "वहिनी, ते पोराच्या गेमचं असंल बगा." हे म्हणले, "नव्वद रुपयासाठी कशाला डोकं लावायलीस." तरी मी कस्टमर केअरला फोन केला. तिथली पोरगी म्हणली रक्कम लहान आहे मॅडम, पुढच्या महिन्यात परत आली तर कळवा.

पुढचा महिना कशाचा, त्याच आठवड्यात रात्री दोन-अडीचला तीन व्यवहार पडले, मिळून एक्केचाळीस हजाराच्या वर. ती एक डॉलरची ओळ म्हणजे चाचणी असते, चोरलेला नंबर चालू आहे का ते बघायला, आणि चालला की मग मोठा हात मारतात. ओटीपी आलाच नाही. आपल्याकडच्या वेबसाइटला ओटीपी लागतो, पण परदेशातल्या बऱ्याच साइटला कार्डाचा नंबर, एक्सपायरी आणि मागचे तीन आकडे एवढं पुरतं. पोराच्या एका ऑनलाइन कोर्ससाठी इंटरनॅशनल वापर चालू केलेला होता. तो अ‍ॅपमधून पाहिजे तेव्हा चालू-बंद करता येतो, काम झालं की लगेच बंद करा.

सकाळी मेसेज बघितले की पहिलं अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं, मग कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन, आणि लगोलग ईमेल. ब्रँचमध्ये पण गेले, तिथं साहेब म्हणले क्रेडिट कार्डचं आमच्याकडं नसतंय. ईमेलचं मात्र महत्त्व सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेल्या, आमच्या वेळी लागू असलेल्या नियमाप्रमाणं चूक ग्राहकाची नाही, बँकेची पण नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर एक रुपयाची पण जबाबदारी येत नाही, कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, आपलं नाही. आणि दिवस मेसेजपासून मोजतात, म्हणून स्टेटमेंटची वाट बघत बसणारा माणूस तिथंच मार खातो. तारीख-वेळेसकट लेखी असलं, तक्रार नंबर असला, तर कुणी "तुम्ही उशिरा सांगितलं" म्हणू शकत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण कस्टमर केअरचा फोन लई वेळ लागंना, एक दाबा दोन दाबा चालू, तर भाऊजींनी मला मदत व्हावी म्हणून नेटवर बँकेचं नाव टाकून नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला त्याच्यावर लावला, तर पहिल्या रिंगला उचलला. चांगलं मराठी बोलणारा माणूस. "दादा टेन्शन घेऊ नका, फॉर्म पाठवतो, रिफंड तुमच्या खात्यावर टाकू." व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली, नाव डिस्प्युट फॉर्म, वर बँकेचं चिन्ह, पण नावाच्या शेवटी एपीके. एपीके म्हणजे फॉर्म नसतो हो, ते अ‍ॅप असतंय, ते टाकून परवानगी दिली की तुमचे मेसेज त्यांना दिसतात, ओटीपीसकट. भाऊजींनी औशाची सोयाबीन मार्केट यार्डात घातली होती, तिची पट्टी नुकतीच खात्यावर पडलेली. हरभऱ्याचं बियाणं आणि खत त्याच्यातूनच घ्यायचं होतं. भाऊजींनी ती फाइल टाकली, आणि तासाभरात त्यातले बावन्न हजार गेले.

माझा राग त्या चोरावर तर आहेच, पण जास्त राग ह्याचा की त्यानं नेमकं अडचणीतल्या माणसाला गाठलं. ज्याचे पैसे आधीच गेलेत तोच नंबर शोधतो, म्हणून तिथंच जाळं लावून बसलेत. बँकेचा नंबर कार्डावरून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधूनच घ्या, नेटवर शोधून नाही. आणि पैसे परत द्यायला कोणतीच बँक ओटीपी मागत नाही, फाइल टाकायला लावत नाही.

पोरानं लगेच १९३०, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावला, भाऊजींचा मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला, त्यांच्या बँकेला कळवून खातं बंद करायला लावलं आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. लवकर कळवल्यामुळं सतरा हजार चोरानं वळवलेल्या पुढच्या खात्यातच होल्ड झाले. ते अजून सुटायचेत, त्याच्यासाठी भाऊजी अजून चकरा मारायलेत. बाकीचे गेले. बियाणं उधारीवर आणलं.

माझं म्हणाल तर तीनही व्यवहारांचे पैसे परत जमा झाले, पण मधल्या बिलात बँकेनं त्याच वादातल्या रकमेवर व्याज आणि लेट फी लावली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डाच्या नियमात स्पष्ट होतं की फ्रॉड म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत चार्ज लावायचा नाही. ते ईमेलमध्ये लिहिलं, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन असं पण लिहिलं, मग निघालं. आणि एक, मुख्य रक्कम परत आली तरी मार्कअप फी आणि तिच्यावरचा जीएसटी ह्या वेगळ्या ओळी असतात. आमच्या त्या ओळी तशाच राहिल्या होत्या, परत मागितल्या तेव्हाच मिळाल्या.