१,४९९ रुपयांत 'कोणालाच न दिसणारं नेट' घेतलं आणि खातं साफ झालं

नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. पैनगंगेच्या काठचं खेडं, एवढं पुरे. एकूण गेले १,४९,९९७ रुपये. त्यातले १,४९९ मी स्वतःच्या हाताने दिले, उरलेले १,४८,४९८ मी झोपलो असताना गेले. कापसाचे पैसे होते, पेरणीसाठी ठेवलेले.

केवायसीचे फोन, लॉटरी, वीज कापण्याचे मेसेज, हे सगळं मला माहीत आहे. असे फोन मी शिव्या देऊन ठेवतो. म्हणून 'शिकला सवरलेला माणूस कसा फसला' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी पूर्ण वाचावं.

लग्नाला सहा वर्षं झाली, लेकरू नाही. खेड्यात याचा अर्थ काय होतो ते सांगत बसत नाही. डॉक्टरने तपासणी माझी करायला सांगितली होती. ती अमरावतीला कुठे होते, नागपूरले किती घेतात, हे मी रात्री फोनवर वाचायचो. एक दिवस पुतण्या माझ्या फोनवर कार्टून पाहत होता. मध्येच टेस्ट ट्यूब बेबी सेंटरची जाहिरात लागली, आवाज मोठा. ओसरीत आई, वहिनी, शेजारची काकू बसलेल्या. कोणी काही बोललं नाही. पोरगं मात्र म्हणालं, "काका, हे काय असते?"

तिथून इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, सुरू केलं. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि निश्चिंत होतात. पण ती काळी खिडकी उघडल्यावर जे लिहून येतं ते कोणी वाचत नाही. मी वाचलं. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज (साइटने फोनमध्ये ठेवलेल्या खुणा) तुमच्या फोनमधून जातात, बस्स. तुम्ही ज्या साइटवर गेलात तिला आणि तुम्हाला नेट देणाऱ्याला तुम्ही दिसताच. याच इन्कॉग्निटोवरून गूगलवर अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला, आणि २०२४ मध्ये तडजोड करताना अब्जावधी नोंदी पुसायचं कंपनीने कबूल केलं.

आता आमच्या गावात वायफाय देतो कोण? गावातलाच पोरगा, रोज पानठेल्यावर भेटणारा. त्याला काय काय दिसत असेल या विचाराने मला झोप लागेना. खरं सांगायचं तर त्याला फार काही दिसत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलं तर कोणत्या साइटवर गेलो एवढं त्याला कळू शकतं, त्या साइटवर काय वाचलं, काय टाइप केलं ते नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा सांगणारा जो भेटला त्याला १,४९९ घ्यायचे होते.

एका चॅटिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये भेटला. गोड बोलणं, प्रत्येक वाक्याला 'सर'. म्हणाला, तुमचा वायफायवाला सगळं पाहतो सर. आमचं व्हीपीएन (तुमचं नेट मधल्या सर्व्हरवरून फिरवून लपवणारं ॲप) घ्या, तुमचा डेटा तीन देशांतून तीन कुलपं लावून फिरतो, सुरुवातीच्या सर्व्हरला तुम्ही कुठे चालले ते कळत नाही आणि शेवटच्याला तुम्ही कोण ते कळत नाही. आमचे सर्व्हर भारतात नाहीत, कारण इथे २०२२ पासून सरकारने व्हीपीएनवाल्यांना ग्राहकाची नोंद ५ वर्षं ठेवायला लावली आहे. शोधून पाहिलं तर ते खरं निघालं! सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, आणि त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर खरंच इथून हलवले. दहातल्या आठ गोष्टी खऱ्या सांगणाऱ्या माणसावर कोण शंका घेईल, तुम्हीच सांगा.

ते तीन कुलपांचं वर्णन व्हीपीएनचं नाहीच, टॉर नावाच्या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचं आहे, हे चुलतभावाच्या पोराने नंतर सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे. टॉरची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निघाली, २००२ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, आणि फुकट आहे. फुकट! अँड्रॉइडवरही मिळतं. त्या विकणाऱ्याने फुकटच्या मालाचं वर्णन वाचून दाखवलं आणि दिलं भलतंच. साध्या व्हीपीएनमध्ये मधला माणूस एकच असतो. वायफायवाल्याला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. कुंपणच शेत खाणारं असलं तर संपलं. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेने '९११ एस५' नावाचं जाळं उद्ध्वस्त केलं, त्यात मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकटची व्हीपीएन होती. लोकांनी लपायला टाकली आणि त्यांच्याच कॉम्प्युटरआडून चोर काम करत होते, १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते (म्हणजे नेटवरचे कॉम्प्युटरचे पत्ते).

पैसे स्कॅन करताना नाव एका बाईचं आलं. "अकाउंटंट मॅडम आहेत सर." ठीक आहे म्हटलं. कंपनी आणि क्यूआर कोड कोण्या बाईच्या नावाचा. हे लिहिताना आत्ता माझे कान तापून राहिले आहेत.

ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, फाइल पाठवली. फोनने सांगितलं, हे ॲप हानिकारक असू शकतं. तो म्हणाला, "प्ले स्टोअर कोणाचं सर? गूगलचं. तुम्ही लपलेलं गूगलला चालेल का?" याला उत्तर होतं माझ्याकडे? नव्हतं. मग फोनने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. इथे, नेमकं इथे. नेट लपवणाऱ्या ॲपला माझे एसएमएस कशाला पाहिजेत? बोट अडलं होतं माझं. तो फोनवरच होता, म्हणाला नंबर पडताळणी आहे सर, एकदाच. मग सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी चालू करायला लावली, 'नाहीतर लोकेशन लपत नाही'. ही सोय अंध-अपंग लोकांना फोन वापरता यावा म्हणून असते. ती हातात आली की ॲप तुमचा स्क्रीन वाचतं आणि तुमच्या जागी बटणंही दाबतं. तुमच्या फोनमध्ये ती कोणाकोणाला दिलेली आहे ते वाचता वाचता पाहून घ्या. मी थांबतो.

आणि राग याचा येतो की ॲप चालत होतं. वर किल्लीचं चिन्ह आलं. आयपी तपासला तर नेदरलँड! मी इथे तुरीच्या भुशाशेजारी खाटेवर बसलेला आणि साइट म्हणते नेदरलँड. दोन दिवस काय खूश होतो. मग तिसऱ्या दिवशी नागपूरच्या त्याच सेंटरची जाहिरात पुन्हा लागली. नेदरलँडमध्ये बसलेल्या माणसाला नागपूरची जाहिरात! गूगल खात्यात लॉगिन मीच होतो ना. लॉगिन करून बसलं की आयपी बदलून उपयोग नाही, खातंच सांगतं तुम्ही कोण. त्या रात्री तरी ॲप काढायला पाहिजे होतं. त्यालाच मेसेज केला. "अपडेट येऊन राहिलंय सर," म्हणाला.

रात्री ११:४८ ला ४९,९९९. ११:५१ ला ४९,९९९. मग थांबला, दिवसाची मर्यादा संपली होती. १२:०६ ला ४८,५००. मेसेज आले असतील, ॲपने गिळले. मला कळलं कृषी केंद्रात, बियाण्याच्या बॅगा बाजूला काढून ठेवल्यावर. खात्यात उरले होते ४,२४२.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला, तुम्हीही पहिल्यांदा तेच करा, आधी भावाला, मित्राला विचारत बसू नका. तक्रार नोंदली, पुढच्या कोणत्या तरी खात्यात ६,२०० रुपये अडवले गेले. बाकीचे तोवर पुढे गेलेले.

मग ठाणं. मुंशीने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारला? "पण असं लपून काय पाहून राहिले होते भाऊ?" मागचे दोघं हसले. मी काय सांगू तिथे, तपासणीचं? गप्प बसलो, तर त्यांना वाटलं तेच. गुन्हा नोंदवला नाही, अर्ज ठेवून जा म्हणाले. जिल्ह्याच्या सायबर शाखेत गेलो तर, तुमच्या ठाण्यातून आलं पाहिजे. ठाण्यात आलो तर, हे सायबरचं आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, लिहिलंय की हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची. छापील कलम १७३ घेऊन गेलो. साहेब म्हणाले, वकील आहे का तू? नंतर कळलं की व्यवहार नेदरलँडच्या आयपीवरून दिसतो. त्यावर एकजण म्हणाला, "तू नेदरलँडले गेलता का बे?" मी लपायला घेतलेलं ॲप, आणि त्याने लपवलं चोराला.

बँकेची तर वेगळीच कथा. "तुमच्याच फोनवरून, तुमच्याच पिनने व्यवहार झाला, निष्काळजीपणा तुमचा." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान कोणाचं ते. त्यातली 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' ही ओळ त्यांनी बरोबर शोधून काढली, माझ्या उपयोगाची एकही दिसली नाही. पिन मी कोणाला सांगितला का? नाही. ओटीपी सांगितला? नाही. मग निष्काळजी कसा? लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा असं उत्तर आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. मी गेलोय. अडवलेले ६,२०० सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले, आणि वकिलाने आदेशाचे ५,००० सांगितले.

आणखी एक. असं काही झालं तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि १९३० ला आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून कळवा. मी त्याच फोनवरून पासवर्ड बदलत बसलो होतो, म्हणजे नवीन पासवर्डही त्यालाच दिला. फोन रीसेट केला तेव्हा ते ॲप गेलं, साधं काढायला गेलो तर सेटिंगचं पान आपोआप बंद व्हायचं.

परवा त्याच ग्रुपवर नवीन ॲप आलं. किंमत ९९९, लोगो तोच, फक्त निळ्याचा हिरवा. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. म्हणाले, मूळ अर्जासोबत जोडा, तीन प्रतीत.